सुध्यास, चिपच्या कारखान्याबद्दल

ग्रँट रोड, मुंबई
रविवार

प्रिय सुध्या,

तुझा फॉरवर्ड मिळाला. गुजरातेत धोलेऱ्यात फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभी राहतेय, आता माझं लॅमिंग्टन रोडचं दुकान देशी चिपांवर चालणार, असं तू खाली ठोकून दिलंयस. तुझ्या तोंडात साखर पडो. पण आधी गेल्या आठवड्यातली गंमत ऐक.

इन्व्हर्टरच्या बोर्डांसाठी पन्नास आयसी, म्हणजे चिपाच, मागवल्या होत्या. छपाई चकाचक, पाय सरळ, बोर्ड मात्र चालू होईना. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन एका आयसीची पाठ चोळली, तर काळ्या रंगासकट नंबर बोळ्यावर आला आणि खाली दुसराच, जुना नंबर! भंगारातल्या बोर्डावरून उपटायचा, घासायचा, रंग मारून नवा म्हणून विकायचा. माल देणारा आता फोन उचलत नाही. तीस वर्षं या धंद्यात काढून फसलो. तेव्हा चिप आपल्याकडे व्हावी असं तुझ्यापेक्षा मला जास्त वाटतं, एवढं धरून पुढचं वाच.

धोलेऱ्यात टाटांनी तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीला सोबत घेतलंय, खर्च 91,000 कोटी, पुढेमागे महिन्याला 50,000 वेफर (ज्यावर चिपा कोरतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) काढायचे. पैसा उभा राहील, मशीनं येतील. खरी गोची यील्डची, म्हणजे केलेल्या मालातला चांगला किती निघतो त्याची. वेफर आत गेला की शेकडो पायऱ्या चढून दोन-तीन महिन्यांनी बाहेर येतो. समज, पायऱ्या 500 आणि प्रत्येक पायरीला हजारात एकच चूक. शेवटी चांगला माल किती उरेल? कॅलक्युलेटर घेऊन बस. जेमतेम 60 टक्के! शाळेत आपण ज्या चक्रवाढीला घाबरायचो, ती इथे उलटी लागते. ही हजारातली एक चूक दहा हजारात एकवर आणायची, तर रात्रपाळ्या करून हात बसलेली माणसं लागतात. ती टेंडर काढून मिळत नाहीत.

आणि वीज. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा सांगलीत बसून तू फोनवर हसला होतास. फॅबमध्ये क्षणभर दाब उतरला तरी चालू घाण्यातले वेफर वाया जाऊ शकतात.

मोहालीचं तर मला अजून वाईट वाटतं. सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 1984 मध्ये उत्पादन सुरू केलं. चिपा बनवणारी तैवानची बडी कंपनी टीएसएमसी 1987 ची, म्हणजे आपल्याहून धाकटी! 1989 मध्ये मोहालीत आग लागली, फॅब जळाली, आणि पुन्हा उभं राहीपर्यंत जग कुठल्या कुठे गेलं. आज तिथे 180 नॅनोमीटरचं काम होतं (हा आकडा जितका लहान, तितकी चिपची पिढी नवी). इस्रोच्या रॉकेटसाठीचा 'विक्रम' प्रोसेसर तिथलाच. आपल्या अंधेरीच्या सीप्झचंही, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीचंही, तेच. नावातला पहिला 'ई' इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि आज गेटातून आत जाणारे कितीतरी जण हिऱ्यांचे कारागीर.

तळेगावचं सोड. 2022 मध्ये तिथे येऊ घातलेली वेदांता-फॉक्सकॉनची चिप फॅब गुजरातला गेली म्हणून तू माझ्याशी तासभर भांडलास (मी काय केलं होतं देव जाणे), आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच अंग काढून मोकळी झाली. तेलही गेलं, तूपही गेलं.

धोलेऱ्यात 28 नॅनोमीटरपासून पुढचा, म्हणजे जुन्या पिढीचा माल निघणार, म्हणून दुकानातला पोरगा नाक मुरडतो. त्याचा मोबाइल 3 नॅनोमीटरचा ना! मला मात्र हेच शहाणपणाचं वाटतं. विजेचं मीटर, गाडी, वॉशिंग मशीन, सगळ्यांत जुन्याच पिढीच्या चिपा असतात, आणि माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक त्याच मागतं.

आता तुझ्या चिन्मयचं. केमिकल सोडून इलेक्ट्रॉनिक्सला जाऊ का, असं विचारतोय ना? जाऊ देऊ नकोस. चिपचं डिझाइन करणारी आपल्याकडे ढिगाने आहेत. सल्फ्युरिक अ‍ॅसिडही टँकरने वाहतं, पण फॅबला लागतं ते असं, की अशुद्धी अब्जात एक भाग या हिशेबात मोजायची. पाण्याचंही तसंच. तसलं अ‍ॅसिड, तसला वायू, तसलं पाणी रोज न चुकता पुरवणारी माणसं कमी आहेत, आणि ते काम त्याच्याच विषयातलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला इकडे पाठव. उरलेल्या एकोणपन्नास आयसी ठेवल्यात, अ‍ॅसिटोनची बाटली त्याच्या हातात देतो. येताना वहिनींच्या हातचा चिवडा आणायला सांगायला विसरू नकोस.

तुझा,
विज्या