ही भिंत वाचायची कशी?

मा. संपादक,
स. न.

पर्यटनाच्या पुरवण्यांमध्ये वॉशिंग्टनच्या ‘व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियल’ची ओळख बहुधा दोन ओळींत उरकलेली असते: काळी भिंत, हजारो नावे, लिंकन स्मारकापासून जवळ. तेवढ्या माहितीवर गेलेला माणूस फोटो काढतो आणि दहा मिनिटांत पुढे सरकतो. ही भिंत वाचायची कशी, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

व्हिएतनाम युद्धात मरण पावलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांची ही ५८ हजारांहून अधिक नावे अकारविल्हे लावलेली नाहीत. जो ज्या दिवशी कामी आला किंवा बेपत्ता झाला, त्या क्रमाने ती येतात. हुद्दाही लिहिलेला नाही. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले अधिकारी आणि शिपाई एकमेकांशेजारी सापडतात. अकारविल्ह्यात शेकडो स्मिथ एका रांगेत आले असते आणि कोण कुणाबरोबर गेला, हे कळलेच नसते. १९५९ पासूनची नावे दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातून उजवीकडे सुरू होतात, टोकाला पोहोचल्यावर डाव्या भिंतीच्या टोकापासून पुन्हा आत येतात आणि १९७५ साली त्याच कोपऱ्यात थांबतात.

नावांजवळची बारीक चिन्हेही पाहावीत. पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मृत्यूची खात्री झालेली, फुली म्हणजे बेपत्ता. अवशेषांची ओळख पटली की फुलीची चौकट होते. बेपत्ता माणूस जिवंत परतलाच, तर फुलीभोवती वर्तुळ कोरायचे असे ठरलेले आहे. ते अजून एकदाही कोरावे लागलेले नाही.

माया लिन या विद्यार्थिनीचा आराखडा १,४२१ प्रवेशिकांमधून निवडला गेला, हे बऱ्याच ठिकाणी छापून येते. मात्र स्मारकाची कल्पना जॅन स्क्रग्ज या त्याच युद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकाची होती आणि बांधकामाचा पैसा सरकारी तिजोरीतून नव्हे, देणग्यांतून उभा राहिला, हे क्वचितच वाचायला मिळते. नोव्हेंबर १९८२ मध्ये लोकार्पण झाले तेव्हा हजारो माजी सैनिक तिथे आले होते. आजही मदतीला असलेल्या स्वयंसेवकांत माजी सैनिक भेटतात. नावाचा ठसा घ्यायला कागद-पेन्सिल हवी असेल तर तेच देतात.

पुढच्या वेळी या स्थळाची माहिती छापाल तेव्हा एवढे जरूर द्यावे: नाव शोधायला तिथे छापील सूची असते, तीत फलकाचा आणि ओळीचा क्रमांक मिळतो. आपल्या ओळखीचे तिथे कुणी नसले, तरी कोणतेही एक नाव निवडून त्याच्या आजूबाजूची चार नावे वाचता येतात.

आपला,
एक वाचक