बोटीवरचं कोमट पाणी आणि ‘डायरेक्ट’ केलेला गीझर

महोदय,

भाड्याच्या यॉटवर मुक्काम केला आणि रात्री अंघोळीला कोमट पाणी मिळालं, अशा तक्रारीचं पत्र आपल्या अंकात वाचलं. पत्रलेखकाने सगळा राग गीझरवर काढला आहे. गेटवेसमोर आणि मांडव्याला उभ्या राहणाऱ्या बोटींचं वायरिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्या बिचाऱ्या गीझरची बाजू मांडतो.

त्यांच्याच पत्रात खरी खूण आहे. मांडव्याला पोचल्या पोचल्या पाणी कढत होतं, रात्री जनरेटरवर मात्र कोमट. बोटीचा गीझर बहुधा दोन तऱ्हांनी तापतो. इंजिन चालू असताना त्याचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, टाकीतल्या नळीतून फिरतं, आणि नांगर टाकल्यावर जनरेटरच्या विजेवर कॉइल तापते. इंजिनवर कढत पाणी येत असेल, तर टाकी आणि नळांना दोष देण्यात अर्थ नाही. विजेकडे बघावं.

माझा पहिला संशय कॉइलवर. अमेरिकेहून आलेल्या बऱ्याच बोटींवरची वीज 120 व्होल्टची असते. जुनी कॉइल जळाली की कोणीतरी मुंबईत विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत जातो, ‘1500 वॅटची द्या’ म्हणतो, आणि दुकानदार आपल्याकडची 230 व्होल्टची देतो. तिच्यावर 1500 लिहिलेलं असतं, ते खोटंही नसतं. पण व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी नाही, पावपट होते. ही कॉइल 120 व्होल्टवर जेमतेम 400 वॅट देते. 23 लिटरच्या टाकीला अर्धा तास जनरेटर दिला, तर 27 अंशांचं पाणी 35 वर जातं. योग्य कॉइल असती तर तेवढ्याच वेळात पन्नाशी ओलांडली असती. वायरीला टाँग टेस्टर (करंट मोजणारा चिमटा) लावला की लगेच कळतं: साडेबारा अँपिअर हवेत तिथे साडेतीन दिसतात. लोक मात्र विजेची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्‌झ की 60 यावर तावातावाने भांडतात. कॉइलला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

इंजिनवरही पाणी कोमटच येत असेल, तर गोष्ट वेगळी. बोटीच्या मागच्या बाजूला समुद्रातून वर आल्यावर अंग धुवायचा हातशॉवर असतो. पाहुणे त्याचे गरम-थंड दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त हातातला खटका सोडतात. पाणी थांबलेलं दिसतं, पण आत गरम आणि थंड लाइन एक झालेली असते. मग केबिनमधला गरम नळ सोडला की त्यात थंड पाणी मिसळून येतं. खात्री करायला गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम नळ उघडा. थोड्या वेळाने धार थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर पाणी दुसरीकडून शिरतंय. या एका शॉवरपायी धडधाकट गीझर बदललेले मी पाहिले आहेत.

हे सगळं वर्तमानपत्राला कळवण्याचं कारण आंघोळ नाही. पाहुण्यांची कटकट सुरू झाली की खलाशी मेकॅनिकला बोलावतो आणि मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणारा स्विच, ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे वायर टाकून तो टाळतो. पाणी कमी तापायचं कारण व्होल्टेज असेल, तर त्याने काहीच फरक पडत नाही. पुढे कोणी योग्य कॉइल बसवली की तिला थांबवणारं कोणी उरत नाही. त्यात टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला डमी ठोकून तो बंद केलेला असेल, तर बर्थखाली, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या पाठीखाली, कोंडलेल्या वाफेची टाकी तयार होते. कॉइल फुटून ब्रेकर सारखा पडतो, तेव्हा अर्थिंगची वायर सोडवून ठेवणारे महाभागही आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी असताना!

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात उतरतील. मालकांनी तेव्हा रंगरंगोटीबरोबर गीझरचं झाकणही उघडून घ्यावं. थर्मोस्टॅटच्या दोन टोकांवर आडवी वायर टाकलेली दिसली, तर ती काढल्याशिवाय पाहुणे घेऊ नयेत.

– एक निवृत्त बोट-इलेक्ट्रिशियन, उरण