कुट्टी मशीन जी चालवणार, तिलाच ते समजावून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाच्या तोडी सुरू झाल्या की आमच्या करवीर तालुक्यात हिरव्या वैरणीची ददात राहत नाही. फडातून वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, बिंडे घरी येतात आणि पहाटेपासून गल्लीत वैरण बारीक कापणाऱ्या कुट्टी मशीनचे आवाज सुरू होतात. दोन म्हशींच्या घरातही आता दोन-तीन एचपीच्या सिंगल फेज मोटरची कुट्टी बसली आहे. ती आली हे फार चांगलं झालं. हाताने चाक फिरवून फिरवून माझ्या सासूबाईंचे खांदे गेले. आता वैरण वाया जात नाही आणि जनावरं दांडे टाकत नाहीत. पण बहुतेक घरांत हे मशीन बाई चालवते आणि तिलाच ते कुणी समजावून देत नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. त्यामुळे पुष्कळ अर्ज बाईच्या नावाने भरले जातात. सातबारा तिचा, आधार तिचं, पासबुक तिचं. मशीन टेम्पोतून येतं तेव्हा मात्र उतरवून घ्यायला पुरुष असतात. दुकानातला माणूस त्यांच्यासमोर बेल्ट चढवतो, एक बिंडा घालून दाखवतो, बिलाची सही घेतो आणि जातो. बाई त्या वेळी आत त्याच लोकांसाठी चहा ठेवत असते. दुसऱ्या दिवशी पहाटे, धार काढायच्या आधी, त्या मशीनसमोर ती एकटी उभी राहते.

आमच्या भावकीतल्या एका सुनेची उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. ओलं वाडं वैरण आत ओढणाऱ्या रोलरमध्ये अडकलं. तिने बटण बंद केलं, म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे मशीन थांबवलं, आणि अडकलेलं ओढायला हात घातला. चाक अजून फिरत होतं. कुट्टीचं चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि वजनदार असतं. एकदा वेग घेतला की दांडा आडवा आला तरी वेग टिकून राहावा, म्हणूनच ते तसं जड करतात. मोटर बंद झाल्यावर तेच वजन चाकाला बराच वेळ फिरवत ठेवतं आणि त्याच्यावरची पाती तितकीच कापतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘घाई केली’ असं नंतर सगळे म्हणाले. मला ते मान्य नाही. बटण बंद करण्याची खबरदारी घेणारी बाई निष्काळजी नव्हती, तिला पुढचं एक वाक्य माहीत नव्हतं.

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. बीड ओळखायला त्यांनीच शिकवलं. नवीन चाक बसवण्याआधी ते टांगून किंवा दांड्यावर धरून छोट्या हातोडीने टिचकी मारावी. चांगलं ओतकाम खणखणीत वाजतं, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. चीर गेलेलं चाक वेल्डिंग करून चालवणारे लोक मी पाहिले आहेत. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, आणि असं चाक सुटलं तर गोठ्याची भिंतसुद्धा त्याला अडवू शकत नाही. चाक बदलायचे पैसे म्हशीच्या काही दिवसांच्या दुधातून निघतात.

पुलीचंही तसंच आहे. चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. मोटरची पुली ३ इंची आणि मशीनची १२ इंची असेल तर चाक ३६० फेऱ्यांनी फिरतं. काम लवकर उरकावं म्हणून कुणीतरी मोटरला ४ इंची पुली घालून देतं आणि फेरे ४८० होतात. वेग वाढला एक तृतीयांश, पण पात्याला बाहेर फेकणारी ओढ वाढली पावणेदोन पटीहून जास्त. बोल्ट मात्र तेच राहिले. पात्याचा बोल्ट झिजला की डब्यात सापडेल तो घालायचा, हा प्रकारही सर्रास चालतो. तिथे कंपनीने दिलेल्या ताकदीचाच बोल्ट हवा, आणि दोन्ही पाती वजनाला सारखी हवीत. एकच पातं घासून घासून हलकं झालं की चाक थरथरतं आणि त्या थरथरीने बाकीचे नट सैल होतात.

मशीन बसवताना खाली पक्का कोबा हवा आणि स्टँड फाउंडेशन बोल्टने जखडलेला हवा. विटा लावून उभं केलेलं मशीन चालता चालता सरकतं. दोन पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून बघता येतं. बेल्टवर जाळी हवीच. पहिल्यांदा मोटर लावण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवून बघावं, कुठे घासत नाही ना याची खात्री करावी, मग वैरण न घालता थोडा वेळ चालवावं आणि बंद करून सगळे नट पुन्हा आवळावेत. पातं आणि समोरची पट्टी यांच्यात फट फार नको. मोटरची पिन (प्लग) काढून, कागदाची लांब पट्टी धरून चाक हळू फिरवलं तर कागद कापला गेला पाहिजे. फट वाढली की वाडं कापलं न जाता गुंडाळतं, आणि अडकण्याची सुरुवात तिथून होते.

आता विजेचं. आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल ते सांगता येत नाही. साध्या बटणावर चालणारी कुट्टी लाइट गेली की थांबते, बाई अडकलेलं काढायला वाकते, आणि लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं. म्हणून स्टार्टर असा हवा की वीज गेली की तो पडेल आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू होणार नाही. विहिरीवरच्या पंपाला आपण ऑटो स्विच लावतो, रात्री लाइट आली की पाणी सुरू व्हावं म्हणून. जुना पंपाचा स्टार्टर उरला आहे म्हणून तोच ऑटोसकट गोठ्यात कुट्टीला लावलेला मी पाहिला आहे. कृपा करून असं कुणी करू नका. पावसाळ्यात गोठ्याची जमीन कायम ओली असते, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-ब्रेकर (वीज गळू लागली की लाइन तोडणारा) दोन्ही हवेत. स्टार्टर उभं राहिल्या जागेवरून हाताला लागेल असा हवा, मशीनच्या पलीकडच्या भिंतीवर नको.

अडकलेलं काढायचं कसं? आधी लिव्हर उलटी टाकायची, म्हणजे रोलर वैरण बाहेर सोडतो. गिअरला ग्रीस नसतं म्हणून लिव्हर जाम होते, आणि लिव्हर जाम म्हणून हात आत जातो. आठवड्याला दोन बोटं ग्रीस लावलं तर पुढचं सगळं टळतं. लिव्हरनेही सुटलं नाही तर बटण बंद, पिन बाहेर, चाक पूर्ण थांबेपर्यंत लांब उभं राहायचं, मग चाकाच्या आऱ्यांत लाकडाची पाचर अडकवायची आणि काठीने काढायचं. पाती काढताना, घासतानाही हाच क्रम. पिन काढली की ती आपल्या नजरेसमोर ठेवायची, म्हणजे दुसरं कुणी येऊन लावणार नाही.

वैरण घालताना शेवटची मूठ हाताने ढकलू नये, पुढच्या पेंढीने मागची ढकलावी. ट्रे हातापेक्षा लांब हवा. स्वस्तातल्या मशीनचा ट्रे आखूड असतो आणि त्यात मनगट सहज रोलरपर्यंत पोचतं. पदर कमरेला घट्ट खोचावा, ओढणी काढून ठेवावी, सैल बांगड्या आणि हातमोजे नकोत. बिंड्याचा आळा सोडून आत तार किंवा दगड नाही ना ते बघावं. चाकाच्या समोर कुणी उभं राहू नये, लहान मूल गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत नको.

आणि तरीही घात झालाच तर: वीज तोडा, पण हात अडकलेला असताना मोटरवर मशीन उलटं फिरवू नका. चाक हाताने मागे फिरवा किंवा रोलर खोलून हात सोडवा. स्वच्छ कापड दाबून हात उंच धरा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवू नका. आमच्या सुनेचं बोट कुणीतरी पाण्याच्या तांब्यात घालून नेलं होतं.

माझा भाचा कॅनडात असतो. मागच्या हिवाळ्याआधी त्याने दारातला बर्फ बाजूला फेकायचं यंत्र घेतलं आणि जोडताना मला फोनवर दाखवलं. दांडा दुमडलेला, इंजिनात आधी ऑइल भरायचं, मग एकेक नट. त्यावर एक लिव्हर होती, हात सुटला की पुढची पाती थांबतात. बर्फ बाहेर पडायच्या तोंडाशी एक प्लास्टिकची काठी अंगावरच अडकवलेली होती, तुंबलं तर काढायला. इंजिन बंद असलं तरी हात घालू नका, असं यंत्रावरही लिहिलेलं आणि पुस्तकातही. कारण दाबून बसलेला बर्फ सुटला की पातं एकदम उसळी मारू शकतं. दगड लागला तर गिअर वाचावा म्हणून त्यात मुद्दाम मऊ पिन असते, तिच्या जागी कडक बोल्ट घालायचा नाही. तिथे मऊ, आमच्या पात्याला कडक, पण ठरवलेलाच बोल्ट हवा हे दोन्हीकडे खरं. वर्षातले काही महिने लागणाऱ्या यंत्राला ती काठी मिळते. आमच्या कुट्टीला, जी वर्षाचे बारा महिने रोज दोनदा चालते, ती का मिळू नये?

मळणी यंत्रासारख्या शेतीतल्या धोकादायक यंत्रांसाठी केंद्राने १९८३ सालीच वेगळा कायदा केला आहे, म्हणजे प्रश्न सरकारला माहीत नाही असं नाही. माझी मागणी लहान आहे. अनुदान देण्याआधी मशीनची मोका तपासणी होते, बिल आणि फोटो जोडले जातात. त्याच तपासणीत बेल्टची जाळी, ट्रेची लांबी, चालणारी उलटी लिव्हर आणि आपोआप सुरू न होणारा स्टार्टर बघावा. यातलं काही नसेल तर अनुदान थांबवावं. आणि ज्या बाईच्या हातात मशीन जाणार, तिने स्वतः ते सुरू करून, अडकवून आणि सोडवून दाखवल्याशिवाय विक्रेत्याचं बिल पूर्ण धरू नये. फोटोत मशीनशेजारी ती हवी.

गावोगावच्या दूध संस्थांनीही मनावर घ्यावं. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ पासून चालतो आहे आणि संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ बायका दूध घालायला येतातच. संकलनानंतर अर्धा तास, एक मशीन, एक चांगला फिटर. त्यासाठी वेगळी सभा, मांडव, हारतुरे काही नको. आमच्या संस्थेच्या सचिवांशी मी बोलले आहे, त्यांनी फिटर मिळाला तर दिवस ठरवू असं सांगितलं. उद्यमनगरात कुट्टीची कामं करणारे अनुभवी फिटर आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे पत्र वाचून अर्धा दिवस द्यायला तयार असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, जाण्यायेण्याचा खर्च आम्ही बायका वर्गणीतून देऊ.

आपली,
एक दूध उत्पादक महिला,
ता. करवीर, जि. कोल्हापूर