देणगीची पाटी आणि देवाचं भय

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पुण्यात आता देवळात, मंडळात, शाळेत सगळीकडे देणगीदारांच्या नावाच्या पाट्या दिसतात. देणगी चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच माणसाकडे काम करणाऱ्या वॉचमनचा पगार दोन-दोन महिने थकलेला असेल, फ्लॅटचे पैसे घेऊन पझेशन दिलं नसेल, तर ती देणगी देवाला कशी पोचणार?

महात्मा फुले नुसते समाजसुधारक नव्हते, काँट्रॅक्टर पण होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता, पैसा होता, ओळखी होत्या, आणि याच माणसाने 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, जातवाले काय म्हणतील याची पर्वा न करता. देहूच्या तुकोबांचं घराणं सावकाराचं. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकतोय. आणि रामशास्त्री! नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना दोषी म्हणायला ते कचरले नाहीत, पद सोडून गेले. मला तर सत्तेजवळ बसलेल्या माणसाची हीच खरी परीक्षा वाटते, कारण तिथे गप्प राहणं फार सोपं असतं.

माझी एकच कळकळीची विनंती आहे, तुम्ही मोठ्या देणगीदाराची बातमी फोटोसकट छापता तेव्हा त्याच्या कामगारांचा पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, हे पण विचारून छापा.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे