वाटी सासूबाईंना उचलायला लावलीत, त्याबद्दल

काका,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही अशी तंबी दिलीत, म्हणून नुसतं 'काका'. आमच्या बचत गटातल्या बायका ओळखतीलच, बाकीच्यांना ओळखून करायचंय काय! पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही. निघताना तुम्हाला एसटी गाठायची घाई होती आणि माझे हात पिठाचे. तोंडातून 'या हं परत' एवढंच निघालं. मनात होतं ते सगळं तसंच राहिलं.

तुमच्या आधी आम्हाला अळंबीची शेती शिकवायला जे आले, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवसभराचं शिबिर, टोप्या, प्रमाणपत्रं, सगळ्यांचा हसरा फोटो. शिकवलं सगळं बटण मशरूमचं. एसी खोली हवी, तापमान १४ ते १८ अंश हवं, वगैरे. आणि शेवटी गळ्यात मारलं ते पेंढ्यावरच्या अळंबीचं बियाणं, जिला ३० ते ३५ अंशांची ऊब लागते! पिशव्या बर्फाच्या खोक्यातून आल्या. लगेच फ्रीजमध्ये टाका, अशी वर सूचना. गटाच्या बचतीतले पैसे मात्र रोख मोजून घेतले.

परसात आंब्याखाली सावलीला पेंढ्याचे वाफे रचले. पांढरे तंतू धरायची वाट बघतोय, पण पेंढा नुसता ओला आणि मुका. मग एका सकाळी बारीक दांड्यांच्या करड्या छत्र्या उगवल्या आणि दुपारपर्यंत वितळून त्यांची काळी शाई झाली. फोटो पाठवला तर उत्तर आलं, 'अभिनंदन मॅडम, उत्पादन सुरू झालं!' दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमच्या पाण्यात दोष निघाला, तिसऱ्यांदा बायकांच्या स्वच्छतेत. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

तोच फोटो तुम्हाला दाखवला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "कोणी खाल्ली नाही ना?" दोष कोणाचा, खर्च किती झाला, हे सगळं नंतर. आधी माणसं बरी आहेत ना, एवढंच. मला तिथेच कळलं की हा माणूस वेगळा आहे. मग उरलेली एक पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी केलीत आणि म्हणालात, "ही गारव्यात होती का? बटणाचं बियाणं फ्रीजमध्ये झोपतं हो. ह्याचं मरतं." एका वाक्यात आमच्या पाण्यावरचा आणि स्वच्छतेवरचा डाग पुसलात. शाईवाली छत्री ओल्या पेंढ्यात आपसूक येते, ती कोणी पेरावी लागत नाही, हेही सांगितलंत. बायकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलंय. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असणार.

वाफे पुन्हा कसे घातले ते इथे लिहीत बसत नाही. ज्यांना करायचंय त्यांनी जाणत्याकडून समोरासमोर शिकावं. पण तुम्ही मशीनवर मळलेला चुरगळलेला पेंढा बाजूला काढलात आणि हाताने झोडलेल्या भाताच्या अख्ख्या पेंढ्या मागितल्यात, तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांची छाती फुगली होती. त्यांच्याखेरीज वाडीत आता झोडतो कोण! स्वतःच्या उडवीतून त्यांनी पेंढ्या काढून दिल्या आणि वाफ्यात मनगटापर्यंत हात खुपसून आतली ऊब कशी चाचपायची हे तुमच्याकडून शिकून घेतलं. आता ते रोज विचारतात, 'ताप आहे का गं?'

आणि मग अंडी दिसली, म्हणजे अजून न उघडलेली अळंबी. पेंढ्याच्या कडेला आधी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, मग करड्या-तपकिरी टोपीची बंद अंडी, हाताला गार आणि घट्ट. आम्ही नाचायच्या बेतात, तर सासूबाई दारात आडव्या. "ती माझ्या चुलीवर चढायची नाहीत." त्यांच्या माहेरी पावसाळ्यात रानातली अळंबी खाऊन एक अख्खं घर अंथरुणाला खिळलं होतं. ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. घरात सगळे त्यांना समजावू लागले, कुणी हसलंही. मीसुद्धा वैतागले होते, खोटं कशाला सांगू.

तुम्ही हसला नाहीत. पडवीत त्यांच्याजवळ बसलात आणि म्हणालात, "आजी, भीती बरोबर आहे तुमची. विषारी जातीही अशाच अंड्यातून येतात." आम्ही सगळे गप्प! विकायला बसलेला माणूस असं बोलेल का? मग तुम्ही एक अंडं मुद्दाम वाफ्यावरच ठेवलंत, ते फुटून छत्री उघडेपर्यंत. ती उघडल्यावर दांडा कापलात, छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घातलीत आणि वर आमची आमटीची स्टीलची वाटी उपडी. दांड्याच्या बुडाशी फुटलेल्या अंड्याची पिशवी आहे, दांड्यावर कडं नाही, हे त्यांना दाखवलंत. सकाळी कागदावर गुलाबी भुकटी पडली तर आपली, पांढरी पडली तर उकिरड्यावर. आणि नुसत्या रंगावर भागत नाही, पिशवी, कडं आणि रंग तिन्ही जुळायला हवीत, हेही बजावलंत. सासूबाईंनी विचारलं, चांदीची अंगठी टाकून काळी पडते का बघू? इतरांनी वेड्यात काढलं असतं. तुम्ही म्हणालात, "आजी, त्याने कळत नाही. चांदी उजळ राहिली तरी माणूस जातो. आणि शिजवूनही ते विष मरत नाही."

एवढ्यावर तुम्ही घरी गेला असतात तरी चाललं असतं. वाटी उचलायला आम्ही समर्थ होतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तुम्ही परत आलात. कशाला, तर वाटीसाठी. मी हात पुढे केला तर मला थांबवलंत. "आजींना उचलू दे. चूल त्यांची आहे."

काका, ह्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि वाटी उचलली. कागदावर गुलाबी रेघांचं गोल चक्र, छत्रीच्या खालच्या पात्यापात्यांची नक्कल. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कांदा चिर." घरात इतकी वर्षं त्यांच्या भीतीला कुणी 'बरोबर आहे' म्हटलं नव्हतं. शिकलेला माणूस त्यांच्या दारी येऊन त्यांचा निकाल मागतो, हे त्यांना नवं होतं. आणि खरं सांगू, आम्हालाही.

तुम्ही गप्पांत ओडिशाचं सांगितलंत ते गटाला फार आवडलं. तिथे बायका अंगणात हीच अळंबी करतात, तिला पाळ छतू म्हणतात आणि बाजारात लोक आवडीने घेतात. पण त्याच दमात आमचे फुगेही फोडलेत. शंभर किलो कोरड्या पेंढ्यामागे दहा ते पंधरा किलो निघाली तर चांगली समजायची. अंडं फुटायच्या आत काढायची, त्याच दिवशी विकायची, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर पाणी सुटून जाते, तेव्हा मुंबईची स्वप्नं बघू नका. आधीच्या शिबिरात आम्हाला जितका पेंढा तितकी अळंबी असं गणित फळ्यावर मांडून दिलं होतं! वाईट बातमीसुद्धा माणसाने सरळ सांगितली की तिचा त्रास होत नाही. अशी माणसं अजून आहेत, फक्त त्यांचे बॅनर लागत नाहीत आणि त्यांना शिबिरात हार घालायला कुणी बोलावत नाही. कृषी विषयातला असो, दवाखान्यातला असो की बँकेच्या खिडकीतला, समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस भेटला की अर्धं काम तिथेच होतं.

जाता जाता खबर. तालुक्याच्या आठवडी बाजारात आमची टोपली घरी परत आलेली नाही. हॉटेलवाल्याने भाव पाडायचा प्रयत्न केला, त्याला सासूबाईंनी परस्पर वाटेला लावलं. उतरलेल्या वाफ्यांचा पेंढा वांग्याच्या आळ्यांत घातलाय. आता शेजारच्या वाडीतल्या बायकाही विचारायला येतात, आणि त्यांना गुलाबी भुकटीचा कागद दाखवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. मला हात लावू देत नाहीत.

बियाण्याच्या बाटल्यांचे आणि प्रत्येक वेळच्या एसटीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते मी पाकिटात घालून देवाच्या फळीवर ठेवलेत. पाऊस लागायच्या आत एकदा काकूंना घेऊन या. पैसे नाही घेतलेत तर सासूबाई जेवायला वाढणार नाहीत, असा निरोप आहे.

तुमची,
गटातली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी