सार्जंटच्या घरात मीठ आलं

ती. बाबांना आणि आईला सा. नमस्कार,

बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत ना, की अमेरिकेसारख्या देशात फौजी माणूस रस्त्यावर येतोच कसा, त्याला पेन्शन नाही का. नेट अडकत होतं, नीट सांगता आलं नाही आणि ते डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायलाच बसले.

पेन्शनचं असंय की तुमच्या वेळी आपल्याकडे जवानाला 15 वर्षांवर पेन्शन बसायची, इथे 20 वर्षं लागतात आणि बहुतेक पोरं त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात. आम्ही ज्यांचं घर लावून दिलं ते सार्जंट (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) 1991 च्या आखाती युद्धात आर्मीच्या गाड्या दुरुस्त करायचे, सहा वर्षं नोकरी करून बाहेर पडले, म्हणजे पेन्शनचा प्रश्नच नाही. पाठीच्या दुखापतीसाठी वेगळा भत्ता मागता येतो, पण त्यांनी कधी अर्जच केला नव्हता, माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले कितीतरी आहेत म्हणे. मग घटस्फोट झाला, पाठीमुळे गॅरेजची नोकरी गेली, भाडं थकलं, गाडीत झोपायला लागले आणि एके दिवशी ती गाडीच टो होऊन गेली. गाडीत त्यांचा डीडी-214 होता. तुमचं डिस्चार्ज बुक समजा, जे तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवता आणि आम्हाला हात लावू देत नाही. मला लहानपणी त्याचा राग यायचा, आता कळतंय.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते इथे ह्यूस्टनमध्ये आय-45 हायवेच्या पुलाखाली राहिले. इथला ऑगस्ट म्हणजे बाहेर उभं राहवत नाही असा, त्यात दोन वर्षं.

याच ह्यूस्टनने 2015 मध्ये जाहीर केलं होतं की आमच्याकडे माजी सैनिकांचं बेघरपण जवळपास संपलंय. ते खोटं नव्हतं, खरंच हजारो लोकांना घरं मिळाली होती. पण संपलं म्हणजे पुन्हा कोणी रस्त्यावर येणारच नाही असं नाही ना, नवीन माणसं येतच राहतात, आणि आलेल्याला लवकर शोधून घरात न्यायचं एवढंच हातात असतं. सार्जंटपर्यंत पोचायला उशीर झाला. शेवटी एक सरकारी केस मॅनेजर बाई पुलाखाली येऊन त्यांच्याशी बोलायला लागल्या, तीन-चारदा यांनी हाकलून दिलं तरी येत राहिल्या. त्यांनीच डीडी-214 ची कॉपी सेंट लुईसच्या रेकॉर्ड ऑफिसमधून मागवली आणि हड-व्हॅशचं, म्हणजे बेघर माजी सैनिकांना घरभाड्यात मदत करणाऱ्या सरकारी योजनेचं, व्हाउचर मिळवून दिलं. त्यात माणसाने साधारण आपल्या उत्पन्नाच्या 30 टक्के भाडं भरायचं आणि बाकीचं सरकार भरतं, आणि सोबत केस मॅनेजर असतो. आधी दारू सोड, नोकरी शोध, मग घर देतो अशी अट नाही, आधी घर. मला हे फार पटतं. पुलाखाली राहून कोण सुधारेल?

पण बाबा, व्हाउचर म्हणजे घर नाही. व्हाउचर म्हटलं की बरेच मालक मागे सरतात, अकराव्या ठिकाणी होकार आला, आणि आत गेलं तर चार भिंती आणि कार्पेट. इथून पुढे आमचं काम होतं. आमच्या भागातल्या चर्चची मंडळी आणि आपल्या मराठी मंडळातली चार घरं मिळून आम्ही शनिवारी सामान पोचवतो. गादी, दिवा, भांडी, शॉवरचा पडदा असं सगळं यादी करून नेलं. मी ओट्यावर डबे लावत होते तर सार्जंट मिठाची पिशवी हातात घेऊन तसेच उभे. म्हणाले, दोन वर्षांत मी मीठ विकत घेतलेलं नाही. आई, तूच विचार कर, ज्याला आजचं आजच खायचंय तो किलोभर मीठ कशाला घेईल, ठेवणार कुठे? मला तिथे रडू आलं, मी बाथरूममध्ये जाऊन पडदा लावत बसले.

सुरुवातीचे तीन आठवडे त्यांची बॅग दाराशी भरलेलीच होती. आम्ही काही बोललो नाही. फक्त दर शनिवारी कोणी ना कोणी जात राहिलं, कधी मी पोळीभाजी घेऊन, कधी चर्चमधले एक आजोबा पत्ते खेळायला. आम्ही दिलेलं टेबल डुगडुगत होतं, ते त्यांनी उलटं करून पाय सोडवले, घासले, परत बसवले, आता त्यावर हत्ती उभा करा. परवा गेले तर बॅग दाराशी नव्हती. भत्त्याचा अर्जही शेवटी भरला, त्याच टेबलावर बसून, पत्त्याच्या रकान्यात फ्लॅटचा नंबर लिहिताना दोनदा तपासला त्यांनी.

तुमच्याबद्दल सांगितलं त्यांना, की माझे वडील पण फौजेत होते, शक्तिमान ट्रक चालवायचे. तर लगेच विचारायला लागले, कुठली गाडी, इंजिन कोणाचं, घाटात गिअर कसा पडायचा. जबलपूरला बनायचा आणि डिझाइन जर्मनीच्या मॅन कंपनीचं एवढंच मला सांगता आलं. तुमचा तो लेहचा फोटो आहे ना ट्रकसमोरचा, तो व्हॉट्सॲपवर पाठवा. बॉनेट उघडं असलेला एखादा सापडला तर तो आधी.

तुमची,
मोठी