दोष एकट्या उन्हाचा नाही

शेतमालाच्या नासाडीवरील आपला अग्रलेख वाचला. त्यात सारा दोष ऊन आणि शीतगृहांच्या तुटवड्यावर ढकलला आहे, हे पटले नाही. नारायणगावहून वाशीला निघालेल्या टोमॅटोला ट्रकचे हादरेही छळतात. कमानपाट्यांवरचा (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरचा) ट्रक सेकंदाला साधारण २ ते ५ वेळा हिंदकळतो. थप्पीतल्या सर्वांत वरच्या, त्यातही मागच्या चाकांवरच्या क्रेटला त्याचा मार जास्त बसतो. फळे एकमेकांवर घासतात. फळावरचा डाग दिसतो तो बाजारातल्या गाळ्यावर, आणि भाव पडतो शेतकऱ्याचा! हवेच्या फुग्यांवर हादरे झेलणारे एअर सस्पेन्शन प्रवाशांच्या बसला मिळते, भाजीला क्वचितच. ते महाग आहे, मान्य. पण थप्पी घट्ट बांधणे आणि नाजूक माल पुढच्या बाजूला लावणे, एवढे तरी वाहतूकदारांकडून बाजार समित्यांनी करवून घ्यावे.

— एक वाचक, जुन्नर